हाताने रंगवलेल्या कापडाचा रंग का हुकतो आणि तो आवाक्यात कसा ठेवावा

भांड्यात कालवलेला रंग जांभळा होता, कापडही त्यातून जांभळेच बाहेर आले. पण धुऊन वाळवल्यावर घड्यांच्या बाहेरच्या कडा गुलाबी आणि आतला भाग निळसर निघाला. रंगकामाच्या पहिल्या वर्षातला हा माझा अनुभव, आणि त्या वेळी मी तो नशिबाचा भाग समजून सोडून दिला. पुढे पुष्कळ कापड रंगवल्यावर लक्षात आले की ‘हाताने रंगवले की रंग कसाही येतो’ असे म्हणताना आपण अगदी वेगवेगळी कारणे एकाच गाठोड्यात बांधतो. त्यांतली काही निव्वळ मोजमापाच्या अभावाची असतात, काही त्या कापडावर गिरणीत काय झाले आहे त्याची असतात, काही रंगद्रव्याच्या स्वभावाची असतात. आणि या सगळ्यांचा हिशेब लावल्यावर जे थोडेसे उरते, तेवढेच खरोखर आपल्या हाताबाहेरचे असते. ही कारणे एकमेकांपासून सोडवून घेतली, तर कुठे शिस्त लावायची आणि कुठे रंगाला मोकळे सोडायचे, हे आपल्याला ठरवता येते.

पुढील विवेचन मुख्यतः सुती कापड आणि थंड पाण्यातले रिॲक्टिव्ह रंग यांच्याबद्दल आहे, कारण घरी रंगकाम करणारे बहुतेक लोक तेच वापरतात. हे रंग १९५४ साली इयान रॅटी आणि विल्यम स्टीफन यांनी शोधले आणि १९५६ साली ते प्रोसियन या नावाने बाजारात आले. त्याआधीचे बहुतेक रंग धाग्यात नुसते अडकून किंवा चिकटून राहत असत. रिॲक्टिव्ह रंगाचा रेणू मात्र सुती धाग्यातल्या सेल्युलोजशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडतो, आणि म्हणून तो धुण्याला टिकतो. पण अडचणीचे मूळही याच गुणात आहे. जो रेणू सेल्युलोजशी जोडला जातो, तोच तितक्याच सहजपणे पाण्याशीही जोडला जाऊ शकतो, आणि एकदा पाण्याशी जोडला गेला की तो कापडाच्या दृष्टीने वाया गेला. रंगाच्या भांड्यात धागा आणि पाणी यांच्यात सतत ही ओढाताण चाललेली असते, आणि आपण करतो त्या प्रत्येक कृतीने तिचा कौल थोडा इकडे किंवा तिकडे सरकतो.

सुरुवात कापडापासून करावी. बाजारातून आणलेले पांढरे कापड दिसायला कोरे असले तरी कोरे नसते. त्यावर विणताना लावलेली खळ असते, धाग्यातले नैसर्गिक मेण असते, कधी मऊपणासाठी लावलेला थर असतो, तर कधी सुरकुत्या पडू नयेत म्हणून दिलेला राळेचा थर असतो. खळ आणि मेण धुऊन काढता येतात. राळेचा थर घरी निघत नाही, आणि असे कापड रंगासाठी घेऊच नये. कोरडे कापड पाण्याच्या थेंबाने तपासावे: थेंब टेकताच आत शोषला गेला तर कापड रंगासाठी तयार आहे, आणि तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर रंगही तसाच वर बसणार आहे. तयार नसलेले कापड मोठ्या भांड्यात भरपूर पाणी, थोडा धुण्याचा सोडा आणि थोडी धुण्याची पावडर घालून अर्धा तास उकळावे. निथळलेले पाणी पिवळट किंवा तपकिरी निघाले की आतापर्यंत रंगाच्या वाटेत काय उभे होते ते दिसते. रंगात ठिपके आणि चट्टे पडतात त्यांतले निम्मे तरी या एका पायरीला टाळल्यामुळे पडतात असे माझे मत आहे, आणि तरीही नव्याने शिकणारे सगळ्यात आधी हीच पायरी गाळतात.

धागा कोणता, हा प्रश्नही इथेच सोडवून घ्यावा. मर्सराइझ केलेले सुती कापड, म्हणजे ज्याला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया दिलेली असते ते, साध्या सुती कापडापेक्षा त्याच रंगात स्पष्टपणे गडद दिसते. व्हिस्कोस रेयॉन रंग आणखी जोमाने ओढून घेतो. पॉलिस्टर या रंगांना अजिबात दाद देत नाही, त्यामुळे सुती आणि पॉलिस्टर मिसळलेले कापड त्या प्रमाणात फिके येते, आणि शिवलेला कपडा रंगवला तर त्याची शिवण बहुधा पांढरीच राहते, कारण शिवणीचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो. रेशमावर हेच रंग चढतात, पण तिथे छटा बदलते, आणि मिश्र काळ्या रंगाची तर सुती कापडावरची ओळखही रेशमावर उरत नाही. म्हणून एका प्रकारच्या कापडावर सापडलेले प्रमाण दुसऱ्या प्रकारावर तसेच चालेल असे कधीही गृहीत धरू नये.

आता मोजमाप. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की रंगाचे प्रमाण कापडाच्या कोरड्या वजनावरून ठरते, तर मीठ आणि धुण्याचा सोडा यांचे प्रमाण पाण्यावरून ठरते. हा भेद पक्का डोक्यात बसला नाही तर लहान तुकड्यावर सुंदर उतरलेला रंग मोठ्या कापडावर हमखास हुकतो. फिक्या छटेसाठी कापडाच्या वजनाच्या अर्धा टक्का रंग पुरतो, मध्यम छटेसाठी सुमारे २ टक्के, गडद छटेसाठी ४ टक्के, आणि काळ्या रंगासाठी ६ ते ८ टक्के लागतो. म्हणजे २५० ग्रॅम कापड मध्यम छटेत रंगवायचे असेल तर ५ ग्रॅम रंग. रंग किती घातला याची आठवण ‘दोन चमचे’ अशी ठेवणाऱ्याला तोच रंग पुन्हा कधीच मिळत नाही, कारण निरनिराळ्या रंगांच्या पावडरींची घनता वेगळी असते आणि एकाच पावडरीचा चमचाही एकदा सैल भरतो, तर एकदा दाबून.

लहान नमुने करताना वजनकाट्याचीही मर्यादा आड येते. १० ग्रॅमच्या तुकड्याला २ टक्के रंग म्हणजे अवघा ०.२ ग्रॅम, आणि ०.१ ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर हे वजन करणे म्हणजे अंदाजच बांधणे होय. यावरचा उपाय सोपा आहे. १ ग्रॅम रंग थोड्या कोमट पाण्यात नीट कालवून, गुठळ्या मोडून, एकूण १०० मिलिलिटर द्रावण करावे. हे १ टक्क्याचे द्रावण झाले, आणि आता कापडाचे ग्रॅम गुणिले हवी असलेली टक्केवारी एवढेच मिलिलिटर मोजून घ्यायचे: १० ग्रॅमच्या तुकड्याला २० मिलिलिटर, २५० ग्रॅमच्या कापडाला ५०० मिलिलिटर. अर्थात हे द्रावण साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. त्यात सोडा नसला तरी पाणी आपले काम हळूहळू करत असते, आणि काही दिवसांत द्रावणाचा जोर उतरतो. भांड्यातल्या द्रावणाचा रंग डोळ्यांना तसाच दिसत राहतो. कापडावर मात्र तो फिका उतरतो. डोळ्यांची ही फसगत इतकी पूर्ण असते की बाटलीवर तारीख लिहिण्याला पर्याय नाही.

पावडर हाताळताना तोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क आणि हातांत मोजे असावेत, कारण ही पावडर वारंवार श्वासावाटे आत गेली तर श्वसनाची कायमची ॲलर्जी जडू शकते. रंगकामाची भांडी, चमचे, मापे स्वयंपाकात पुन्हा वापरू नयेत.

एकसारखा रंग हवा असेल तर भांड्यात पाणी भरपूर हवे: कापडाच्या वजनाच्या २० पट, म्हणजे अर्ध्या किलो कापडाला १० लिटर. कापड आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून, पिळून, घड्या मोडून मगच रंगात सोडावे. दर लिटरला सुमारे ५० ग्रॅम मीठ लागते, गडद छटेसाठी त्याहून अधिक. पाण्यात सुती धाग्यावर ऋण विद्युतभार येतो आणि रंगाचा रेणूही ऋण भाराचाच असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. मीठ हा दुरावा कमी करते आणि रंगाला धाग्याकडे सरकवते. हे सरकणे एकदम झाले तर ज्या भागाला रंग आधी भेटला तोच भाग गडद होतो, म्हणून मीठ एकाच वेळी न ओतता तीन हप्त्यांत, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने घालावे आणि दर वेळी कापड बाजूला सारून घालावे. या वीसेक मिनिटांत कापड सतत हलवत राहावे. रंग या टप्प्यावर धाग्यात शिरतो पण जोडला जात नाही, म्हणजे तो अजून जागा बदलू शकतो. एकसारखेपणा साधायचा असेल तर तो इथेच साधतो, नंतर नाही.

त्यानंतर सोडा. सोडा घातल्याबरोबर पाणी अल्कधर्मी होते, धाग्याशी बंध जुळू लागतात, आणि त्याच क्षणापासून पाणीही रंग वाया घालवू लागते. म्हणून सोडा घातल्यावर ‘थोडा रंग आणखी टाकून बघू’ असे करू नये. नव्याने टाकलेला रंग जिथे पडेल तिथेच डाग धरतो. सोडा दर लिटरला सुमारे १० ग्रॅम, वेगळ्या भांड्यात कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून, कापडावर थेट न ओतता भांड्याच्या कडेने, पंधरा मिनिटांत थोडाथोडा घालावा. मग पहिली वीस मिनिटे सतत आणि पुढची चाळीस मिनिटे दर काही मिनिटांनी हलवत राहावे. तासाभरात भांड्यातल्या रंगाचे जे व्हायचे ते बहुतांश होऊन गेलेले असते, आणि त्या पाण्यात दुसरे कापड टाकून फारसे काही हाती लागत नाही.

सोड्याबद्दल दोन खुलासे आवश्यक आहेत, कारण या दोन चुका मी स्वतः केल्या आहेत आणि इतरांच्याही पाहिल्या आहेत. पहिला असा की खाण्याचा सोडा इथे चालत नाही. तो पुरेसा अल्कधर्मी नसतो, आणि थंड पाण्यात त्याच्यावर विसंबून रंगवलेले कापड धुताना भराभर रंग सोडते. दुसरा असा की धुण्याचा सोडा कोरड्या पावडरीच्या रूपातही मिळतो आणि पाणी धरून ठेवलेल्या स्फटिकांच्या रूपातही मिळतो. पूर्ण स्फटिकरूप सोड्यात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते, त्यामुळे १० ग्रॅम कोरड्या सोड्याचे काम करायला असा सोडा सुमारे २७ ग्रॅम लागतो. कृती तीच, प्रमाण तेच, आणि रंग मात्र अर्धवट बसलेला, याचे कारण मला बरेच दिवस सापडले नव्हते ते हे.

तापमानाकडेही तितकेच लक्ष हवे. हे रंग थंड पाण्यातले म्हणवले जात असले तरी त्यांना खरी थंडी मानवत नाही. २० अंश सेल्सिअसच्या खाली त्यांचे काम अतिशय मंद चालते, आणि २५ ते ४० अंशांच्या दरम्यान ते व्यवस्थित चालते. एकाच कृतीने उन्हाळ्यात भरदार आणि हिवाळ्यात फिका रंग येतो तो यामुळे. थंडीत पाणी कोमट करून घ्यावे, किंवा सोडा दिलेले कापड ओलेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून, उबदार जागी ठेवून त्याला पूर्ण दिवसाचा अवधी द्यावा. कापड मध्येच वाळू देऊ नये, कारण ओल संपली की रंगाचे काम थांबते.

आता मूळ प्रश्न: मिश्र रंग फुटतो का? दुकानातल्या रंगांच्या डब्यांपैकी फार थोड्या डब्यांत एकच रंगद्रव्य असते. जांभळा, हिरवा, तपकिरी, राखाडी आणि काळा हे बहुधा दोन, तीन किंवा अधिक द्रव्यांचे मिश्रण असतात. या प्रत्येक द्रव्याची धाग्याला धरण्याची घाई वेगळी असते. लालसर गुलाबी, म्हणजे ज्याला मॅजेंटा किंवा फ्यूशिया म्हणतात तो, पहिला स्पर्श झाला तिथेच चटकन बसतो. टर्क्वॉइज, म्हणजे हिरवट निळा, त्याच्या अगदी उलट: त्याचा रेणू मोठा, तांबे धारण करणारा, धीम्या गतीने काम करणारा आहे, त्यामुळे तो पाण्याबरोबर दूरवर पसरतो आणि मग कुठेतरी स्थिरावतो. या दोघांचा जांभळा केला आणि कापड घड्यांसकट भांड्यात दाबून ठेवले, तर बाहेरच्या कडांवर गुलाबी, पुढे जांभळा आणि आत खोलवर निळा, अशी रांग लागते. माझ्या पहिल्या जांभळ्या कापडाने मला हेच सांगितले होते. ते वाचता यायला वेळ लागला.

डब्यातला रंग एकाच द्रव्याचा आहे की मिश्र, हे पाहण्याची चाचणी अगदी साधी आहे. ओल्या टिपकागदावर पावडरीचे चार-पाच कण टाकावेत आणि बघत राहावे. एकच द्रव्य असेल तर सगळे कण एकाच रंगाने फुलतात. मिश्रण असेल तर काळ्या पावडरीतून पिवळे, लाल, निळे ठिपके वेगवेगळे उमलतात. नवा डबा उघडला की ही चाचणी करून तिचा कागद वाळवून जपून ठेवावा असे मी आवर्जून सांगेन, कारण तो रंग कोणत्या बाजूला फुटणार याचा तो नकाशाच असतो. एकसारखा रंग हवा असेल तर भरपूर पाणी, हप्त्याहप्त्याने मीठ, उशिरा सोडा आणि न थांबता हलवणे, या चार गोष्टींनी फुटणे बरेच आवरते. टर्क्वॉइजचा अंश असलेल्या मिश्रणाला ३५ ते ४० अंशांचे कोमट पाणी आणि जास्त वेळ द्यावा; थंडीत टर्क्वॉइज मागे पडतो आणि ठरवलेला हिरवा पिवळ्याकडे झुकतो.

स्वतः मिश्रण करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रंग पारदर्शक असतो. तो कापडाला झाकत नाही, त्यात मिसळतो. पिवळ्या कापडावर निळा चढवला तर निळे कापड मिळत नाही, हिरवे मिळते. आणि नारिंगीवर निळा चढवला तर तपकिरीकडे जाणारी मळकट छटा मिळते. मळकटपणा बहुधा तिसरा मूळ रंग नकळत मिसळल्यामुळे येतो, आणि तो कुठून शिरला हे शोधले तर दोष सापडतो: लालसर झाक असलेला निळा आणि पिवळा एकत्र केला की हिरव्यात लाल आधीच आलेला असतो. स्वच्छ हिरव्यासाठी लिंबासारखा पिवळा आणि टर्क्वॉइज घ्यावा. प्रमाणातही समानता नसते. पिवळ्यात निळ्याचे चार थेंब पुरतात, पण निळ्यात पिवळ्याचे चार थेंब दिसतही नाहीत, म्हणून नेहमी फिक्या रंगात गडद रंग थेंबाथेंबाने घालत जावे.

पाण्याचा विषय थोडक्यात. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रंगाच्या वाटेत येतात, काही रंग त्यांच्याशी मिळून गाळ धरतात, आणि धुताना सुटलेला रंग नीट वाहून जात नाही. पाणी जड असेल तर ते मृदू करणाऱ्या सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटची चिमूट घालावी, किंवा नमुन्यांपासून शेवटपर्यंत एकाच ठिकाणचे पाणी वापरावे, म्हणजे निदान फरक तरी स्थिर राहतो.

वनस्पतिज रंगांकडे वळणाऱ्यांनी अधिक मोकळे मन ठेवावे. तिथे डब्यात ठरावीक जोराचे द्रव्य नसते. मुळाचे, सालीचे किंवा फुलाचे वजन तेच असले तरी त्यातला रंग माती, ऋतू आणि झाडाच्या वयाप्रमाणे कमीजास्त असतो. तुरटीचा बंधक, म्हणजे रंगाला धाग्याशी बांधणारे द्रव्य, कापडाच्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास दिला तर छटा उजळ येतात, आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, १ ते २ टक्के दिले तर तेच रंग करडे, शेवाळी, काळपट होतात. इतके की आधीच्या कामातल्या लोहाचा भांड्याला राहिलेला लेप पुढच्या कामातला पिवळा रंग खाऊन टाकतो. हिराकसाचे प्रमाण वाढवण्याचा मोह टाळावा, लोह धागाच कमकुवत करते. मंजिष्ठेचे पाणी उकळू दिले तर स्वच्छ लालऐवजी तपकिरी झाक येते, म्हणून ते ७० अंशांच्या आसपास राखावे. हळदीचा पिवळा सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात तांबूस होतो, शिवाय उन्हात उडतो. त्याला टिकाऊ रंगांत मी धरत नाही. निळीचे गणित वेगळेच आहे: भांड्यातून निघताना कापड पिवळट हिरवे दिसते आणि हवा लागेल तसे डोळ्यांसमोर निळे होते, त्यामुळे भांड्यात बघून छटा ठरवता येत नाही, आणि एकाच दीर्घ बुडीऐवजी अनेक छोट्या बुड्या देऊनच गडद निळा पक्का होतो.

धुणे हा रंगकामाचाच भाग आहे, त्यानंतरचे काम नव्हे. आधी गार पाण्यात मीठ आणि सोडा निघेपर्यंत खळबळावे. मीठ आत असतानाच गरम पाणी दिले तर सुटा रंग धाग्याला चिकटून राहतो. पाणी बरेच निवळले की मग कडक गरम पाण्यात, थोड्या सौम्य साबणाने, दोन-तीन वेळा धुवावे, आणि गडद रंगाचे कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवून पुन्हा धुवावे. पाण्यात उतरणारा रंग पाहून जीव हळहळतो हे खरे, पण जो उतरतो तो कधी बसलेलाच नव्हता. तो आता काढला नाही तर पुढे दुसऱ्या कपड्यांवर जाऊन बसतो. ओले कापड नेहमी गडद दिसते, कारण धाग्यांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्रकाश कमी विखुरतो. त्यामुळे ओल्या कापडावरून निर्णय घेऊ नये. नमुन्याचे एक टोक धुऊन, इस्त्रीने वाळवून मगच मत बनवावे, आणि तेही दिवसाच्या उजेडात; दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात नेल्यावर वेगळे निघणे ही नेहमीची गोष्ट आहे, कारण दोन वेगळी मिश्रणे एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्या प्रकाशात भिन्न दिसू शकतात.

आतापर्यंतची सगळी शिस्त ज्याला जमली, त्याने ती मुद्दाम मोडून पाहावी. फुटणारे मिश्र रंग एकसारख्या कामात अडचण असतात आणि मोकळ्या कामात तेच धन असते. कापड भिजवून, पिळून, एखाद्या बरणीत चुरगळून दाबावे, त्यावर जेमतेम बुडेल एवढेच रंगाचे पाणी ओतावे आणि हलवू नये. सोडा लगेच दिला तर रंग जिथल्या तिथे थांबतो, कडा तीव्र राहतात आणि पांढरे भाग शिल्लक राहतात. अर्ध्या-पाऊण तासाने दिला तर रंग घड्यांच्या आत झिरपतो आणि सीमा विरघळतात. कापड आधीच सोड्याच्या पाण्यात भिजवून, जाळीवर पसरून, त्यावर बर्फाचे तुकडे आणि बर्फावर कोरडी पावडर भुरभुरवली, तर बर्फ हळूहळू वितळताना मिश्रणातली द्रव्ये एकेक करून वेगळी होतात आणि राखाडीतूनही गुलाबी, निळे, पिवळे ओघळ निघतात. बर्फ वितळल्यावर घाई करू नये. कापड खोलीच्या तापमानाला येऊन आणखी काही तास जाऊ द्यावेत, म्हणजे एकूण सुमारे एक दिवस. इथेही रंगाचे वजन आणि वेळ मोजलेलेच असावेत. ओघळ कुठे पडेल हे आपण ठरवू शकत नाही, पण कोणते रंग ओघळतील, कडा किती तीव्र असतील आणि पांढरे किती उरेल हे बऱ्याच अंशी ठरवता येते. मला तर या कामातला खरा आनंद याच जागेत वाटतो.

हुकलेल्या कापडाचे काय करावे? फिके आले असेल तर पुन्हा रंगवावे. दुसरा थर बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा खोल आणि समृद्ध दिसतो. चट्टे पडले असतील तर त्यावर गडद रंग चढवून ते झाकण्यापेक्षा, कापड चुरगळून दुसऱ्या जवळच्या रंगात मुद्दाम ठिपकेदार करावे, कारण एकसारख्या कापडावर जो डाग डोळ्यांत खुपतो तोच अनेक छटांच्या कापडात मिसळून जातो. रंग काढून टाकायचा असेल तर थायोयुरिया डायऑक्साइडसारखी रंग उतरवणारी द्रव्ये मोकळ्या हवेत, सांगितलेल्या प्रमाणातच वापरावीत. मात्र सगळे रंग पांढऱ्यापर्यंत उतरत नाहीत, आणि टर्क्वॉइज तर जवळपास हटतच नाही, म्हणून त्याच्यावर चढवलेला रंग काढला तर खालचा टर्क्वॉइज वर येतो. क्लोरीनचे ब्लीच रेशीम आणि लोकर यांना कधीही लावू नये. ते धागाच खाते.

नोंदवहीत प्रत्येक कापडाचा वाळलेला, धुतलेला तुकडा चिकटवावा आणि त्याखाली कापडाचा प्रकार व वजन, प्रत्येक रंगाचे ग्रॅम, पाणी, मीठ, सोडा, पाण्याचे तापमान, वेळ आणि तारीख लिहावी. फसलेल्या तुकड्यांची नोंद तर अधिक बारकाईने करावी, कारण पुढे एखाद्या दिवशी नेमकी तीच छटा हवीशी वाटते.

इतकी नोंद ठेवूनही वेगवेगळ्या दिवशी रंगवलेल्या दोन घाण्यांत थोडा फरक राहतोच. म्हणून एका कामासाठी लागणारे सगळे कापड, आणि थोडे जास्तच, एकाच घाण्यात रंगवावे. ते एका भांड्यात मावत नसेल तर रंगाचे द्रावण एकदाच करून मगच वाटून घ्यावे. आणि तरीही कापड कमी पडलेच, तर दुसऱ्या घाण्यातले कापड आधीच्या कापडाला सपाट शिवणीने जोडू नये. ते गळपट्टी, किनार किंवा अस्तर अशा जागी वापरावे, जिथे दोन छटांच्या मधे एखादी घडी किंवा सावली येते.